भाऊंचा थोडा कमी भात

पंगतीत भात वाढणारा दुसऱ्यांदा आला, की आमचे भाऊ ताटावर आडवा हात धरायचे आणि म्हणायचे, "आखीन जाते पोटात, म्हनूनच पुरे." नवख्याला वाटे, हे जन्माचे मिताहारी. आम्हाला मात्र त्यांचं आधीचं ताट माहीत होतं. त्यात भाताचा डोंगर असे आणि भाऊ तो एकट्याने सर करत.

चांदा जिल्ह्यातल्या आमच्या लाकूड डेपोत ते मोठे बाबू होते, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ते सागाच्या ओंडक्यावर टेकले, की ओंडका दिसेनासा होई. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण एकुलती एक लेक त्यांनी धानोऱ्यापलीकडे, घाटावरच्या गावात दिली होती. तिथे बैलबंडी जात नसे.

पहिल्यांदा गेले, तेव्हा चौघांनी त्यांना बाजेवर घालून वर नेलं. लेकीने लांबून चौघांच्या खांद्यावरची बाज पाहिली, वर बापाचं धोतर ओळखलं आणि हंबरडा फोडला. सारं गाव धावून आलं. भाऊ बाजेवर उठून बसले, तेव्हा कुठे रडं थांबलं.

"जित्तेपनी पोरीले रडवलं ना मी," परत आल्यावर ते मला म्हणाले. "आता जाईन तं पायीच जाईन."

लगेच भात बंद झाला. आता आमच्या झाडीपट्टीत जेवण म्हणजे भात. बाकी पोटात जाईल ते कुणी जेवणात धरत नाही. त्यामुळे भाऊ दिवसभर मोहाचे लाडू, चारोळी आणि शिंगाडे खात बसत. मी हटकलं, तर चिडायचे. "हे का जेवन होय? मी तं उपाशीच हावो!" पुढे बाजारात धानाच्या काट्यावर बसले, तर वजन वाढलेलं. आधी ते काटेवाल्याशी भांडले. मग दुसरं टोक गाठलं, नुसतं पाणी. अखेर डेपोत घेरी येऊन पडले, आणि सावध झाल्यावर दोघांचं जेवले.

चांद्याच्या डॉक्टरांनी त्यांना फैलावर घेतलं. मी सोबत होतो. "उपास बंद. लाडूसुद्धा जेवणातच धरायचे. रोजच्यापेक्षा थोडंच कमी खा. जन्मभर निभेल एवढंच कमी. आणि चालत जा."

"कवापर्यंत उतरन साहेब?"

"चढायला किती वर्षं लागली?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्या घरी भात पुन्हा शिजू लागला, पण त्यांच्या पत्नी तांदूळ धुताना मूठभर काढून ठेवत. भाजी वाढली. लाडू एकच, तोही आमच्यासमोर, म्हणजे खोटं बोलायला जागा नको. संध्याकाळी भाऊ तलावापर्यंत चालत. लग्नाच्या पंगतीत कधी घसरत, पण त्यासाठी दुसऱ्या दिवशी उपाशी राहत नसत. "कालचं काल गेलं बाप्पा," म्हणत नेहमीच्या मापावर येत. अंग इतक्या सावकाश उतरलं, की आम्हाला पत्ताच लागला नाही. शिंप्याला लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात मला घेऊन ते घाटाकडे निघाले. खरं सांगतो, निम्म्या चढावर धाप मला लागली. "बस घडीभर. कायची जल्दी हाये?" असं म्हणून स्वतःच आधी बसले. पण उठलेही स्वतःच.

लेक अंगणात धान पाखडत होती. बापाचे बसलेले गाल पाहून सूप टाकून धावली. "बाबा, बिमार होते का? मले काऊन नाई कळवलं?"

"बिमार नाई वो माय," भाऊ म्हणाले. "पायी आलो. तुयाकडे."

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली, की मला ते अंगण दिसतं. पाय धुवायला तिने तांब्या आणला, पण त्यांच्या हातात दिला नाही. स्वतःच खाली बसली आणि घाटाची लाल माती त्या पायांवरून हळूहळू धूत राहिली.