पाहुण्याच्या फोटोला हार

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी शिष्यवृत्तीवर नेपाळला गेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शिनोलीत अर्धी आळी एसटीपर्यंत सोडायला आली होती. नेपाळात बेपत्ता माणसांच्या आयांनी चालवलेली एक छोटी संघटना होती. मी अर्ज टाइप करायचे, चहा करायचे, कुणी बोलू लागलं की ऐकायचे.

ज्यांच्या घरी राहिले त्यांना मी आमा, म्हणजे आई, म्हणे. त्यांच्या मुलाला तिथल्या यादवीच्या काळात वर्दीतल्या माणसांनी उचलून नेलं होतं. तो निसटून भारतात गेला असेल, कुठल्या तरी हॉटेलात राबत असेल, असं त्या म्हणत. मी निघताना त्यांनी त्याचा फोटो दिला. "तेरे उधर देखना, बेटी."

म्हणून मी मंचर-नारायणगावच्या हॉटेलांत नेपाळी आचाऱ्यांना तो दाखवते. फोटोत मिसरूडही फुटलेलं नाही, पण आज तो चाळिशीला आला असेल. थोराड चेहऱ्यांत मी फोटोतले ओठ शोधते. आचारी मान हलवतात. एखादा जण फोटो परत द्यायला उशीर करतो.

घरी माझ्या आईनं त्याची एक प्रत चौकटीत बसवून बुद्धांच्या तसबिरीशेजारी, आजोबांच्या फोटोखाली लावली. पौर्णिमेला शेतातल्या झेंडूचे हार केले, त्यातला एक त्यालाही घातला.

त्याच संध्याकाळी आमांचा व्हिडिओ कॉल आला. मी भिंतीला पाठ करून बसलेली. बोलता बोलता त्या थांबल्या.

"खबर आ गई?"

मला कळेना. मग मागं वळून पाहिलं. हार घातलेला फोटो म्हणजे गेलेलं माणूस, हे त्यांच्याकडंही आपल्यासारखंच.

"नहीं आमा! कोई खबर नहीं!" मी हार ओढला. दोरा तुटला, फुलं घरभर.

आई चिडली. "अगं, सगळ्यांला हार, अन् पावण्याचाच गळा मोकळा ठिवू व्हय?"

"आई, तो गेला नाय."

"तुला काय म्हाईत?"

मला काहीच माहीत नव्हतं. आमांना मराठी येत नाही, तरी त्या ऐकत होत्या.

आता फोटो दुसऱ्या भिंतीवर आहे, कॅलेंडरशेजारी. आईच तो पुसते. आमा हल्ली "मिला क्या?" विचारत नाहीत. "पहले दिखा," म्हणतात. मी फोन भिंतीकडं वळवते. त्याचा गळा मोकळा आहे हे त्या नीट बघून घेतात, मग मी जेवले का ते विचारतात.