कावळ्याचं पान

तारापूरला बिऱ्हाड केलं त्या भाद्रपदात, पहिल्याच आठवड्यात, वाडीतल्या लिंबाच्या काट्याला टोचलेला एक नाकतोडा मी सोडवला. कुणा पोराचा खेळ असणार, असं समजून. तो मेलेलाच होता, म्हणून दूर भिरकावला आणि पुण्य जोडल्याच्या समाधानात वळलो, तर मागे घरमालक जनूतात्या उभे.

"कोनाचं जेवान फेकलंत, रावसाहेब?"

मी सरकारी कचेरीतला साधा कारकून. पण पँट घालायचो, म्हणून रावसाहेब. तात्यांनी वर बोट दाखवलं. पुढच्या काट्यांना एक पाल आणि अर्धी बेडकी लटकत होती. शेंड्यावर डोळ्यांना काळी पट्टी बांधल्यासारखा खाटीक पक्षी बसून मला कर्कश शिव्या देत होता.

"ह्ये त्याचं दुकान हाय. गिऱ्हाईक नसाल तर मालाला हात लावू नका."

तात्या साठी उलटलेले, विधुर. कमरेला कोयता, तोंडात पान. केळींना पाणी लावताना कुठे मारामारी दिसली की पाणी जाईल तिकडे जावो, हे उकिडवे बसून बघत राहणार. गांधीलमाशी अळीला नांगी मारून तेरड्यातून फरफटत नेते, मुंग्या जिवंत गांडुळाचे तुकडे करतात, सगळं बघायचं. एकदा धामणीने बेडकाची तंगडी धरली. बेडूक तान्ह्या पोरासारखा किंचाळू लागला. मी काठी उचलली, ती तात्यांनी काढून घेतली.

"वाडीतल्या भांडनात पडायचं नाय. बेडूक वरडला म्हनून धामनीनं उपाशी मरायचं काय?"

मी कानांत बोटं घालून उभा राहिलो. माझं शौर्य तेवढंच.

त्यांचा मुलगा वसंत तापट. वैशाखात लग्न होऊन आलेल्या सुमनच्या स्वयंपाकाला तो रोज नावं ठेवायचा. अविधवा नवमीला तात्यांच्या बायकोचं श्राद्ध होतं. माझी बायको सवाष्ण म्हणून जेवायला, आणि तिच्यामागून मीही. वसंतने कावळ्याचं पान विहिरीच्या काठावर ठेवलं आणि 'काव काव' करून घसा बसवला. एकही कावळा येईना. गावातले सगळे कावळे पलीकडच्या फणसावर एका घुबडाला घेरून त्याची पिसं उपटत होते. कुणाला जेवायला सवड होती?

मी तसं सांगायला तोंड उघडलं, पण वसंतचा हात आधी सुटला. "आईला हिच्या हातचं नको!" सुमन विहिरीच्या दगडावर आपटली. भुवई फुटून रक्त पदरावर आलं. त्याने पुन्हा हात उगारला, तोच कोयत्याची पाठ त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"तात्या, मला मारता? हिच्यापायी?"

"खाटीक मारतो, धामन मारते, ती पोटासाठी. तुझं पोट भरलेलं हाय. तुला या वाडीत जागा नाय."

"आई उपाशी ऱ्हायली त्याचं काय?"

तात्यांनी कोयता बाजूला ठेवला, विहिरीवर मांडी घातली आणि कावळ्याचं पान पुढे ओढलं. सगळं खाल्लं. फणसाखाली घुबडाची पिसं पडत होती.

"तिचा नवरा जेवला," पानाची घडी घालत ते म्हणाले. "ती जेवली."

वसंत मोडका हात छातीशी धरून बोईसरला गेला तो तिथेच राहिला. पुढे दोनदा सुमनला न्यायला आला. दोन्ही वेळा तात्या फाटकात बसले आणि आत तोंड करून त्यांनी विचारलं, "सूनबाय, जातेस?" आतून "नाय" आलं. तात्या गेले तेव्हा वाडी तिच्या नावावर होती.

श्राद्धाच्या त्या दुपारी आमच्या खोलीवर परतल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी बायकोला विचारलं, "काय गं, स्वयंपाक खरंच बिघडला होता का?"

"खीर करपली होती आणि वडे खारट," ती म्हणाली. "म्हातारा पान पुसून जेवला. माझ्या कालच्या आमटीला तोंड कोणी वाकडं केलं होतं?"