भिंतीतल्या तारेतून नात

बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेट हॉलपर्यंतच यायचं. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, म्हणून इंटरनेट विजेच्या वायरिंगमधून आत नेणारे दोन प्लग मी आणले. तरी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलमध्ये परदेशातल्या बहिणीचं आणि तिच्या तान्ह्या मुलीचं चित्र सारखं अडकायचं.

भुईगावचे एक वयस्क इलेक्ट्रिशियन आले. पिशवी उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "कोनाला बघायचंय?"

"नातीला," आई म्हणाली. "अजून धड पाहिलं नाही."

त्यांनी खोलीतल्या स्विचबोर्डच्या एकेका बटणावरून हलकेच बोट फिरवलं. मग आतला प्लग एक्स्टेंशन बोर्डातून काढून थेट भिंतीत लावला. पडद्यावर बाळ दिसलं, हललं, त्यानं जांभई दिली.

काम झालं तरी ते दाराशी उभेच.

"परत अडकलं तर? पोर झोपेपर्यंत थांबतो."

"तिथून काय दिसणार? इकडे या," आई म्हणाली.

हात शर्टाला पुसत ते खाटेशी आले आणि आईच्या उशीच्या उंचीपर्यंत वाकून बघत राहिले.