बेडकांच्या आंघोळीचं पाणी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी आम्हाला बेडकांच्या पाहणीसाठी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घनदाट जंगलात नेलं. मी चकलांब्याकडची. गेवराई तालुक्यात त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ होता आणि गावात पाणी यायचं ते सोसायटीच्या ऑफिससमोर, टँकरने. इथे उशीसुद्धा ओली. चार दिवसांत चपलेला बुरशी आलेली पाहून मला आधी रागच आला. एवढं पाणी एकाच जागी ओतायचं काय कारण, असं कुणाला तरी धरून विचारावंसं वाटत होतं.

काम असं होतं : दोरीने चौकोन आखायचा आणि दोघींनी समोरासमोरून गुडघ्यांवर सरकत सगळा पालापाचोळा उचलून बघायचा. सापडेल तो बेडूक धुवायचा, मोजायचा, त्याच्या पोटावरून कापसाचा बोळा फिरवायचा आणि बोळा नळीत बंद करायचा. बेडकांच्या कातडीला एका बुरशीचा रोग होतो. तो इथे आहे का, हे त्या बोळ्यांवरून प्रयोगशाळेत कळणार होतं. माझ्या जोडीदारणीचा सगळा प्रबंध त्या नळ्यांवर उभा होता. ती पुण्याची. माझ्या बोलण्याची नक्कल करायची, पण डब्यातली शेवटची चटणी माझ्यासाठी ठेवायची.

बेडूक धुवायचं काम माझ्याकडे होतं. उकळून गार केलेलं पाणी आम्ही कॅनमधून चढावर न्यायचो. प्रत्येक बेडकाला नवं पाणी घ्यायचं आणि वापरलेलं फेकून द्यायचं, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली होती. पण नखाएवढा जीव बुडवून काढला की मगातलं पाणी पहिल्यासारखंच नितळ दिसायचं. ते ओतून द्यायला माझा हात धजेना. आमच्या घरी भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना जायचं आणि भांड्यांचं म्हशीला. लहानपणी पाणी सांडलं म्हणून मी जेवढे धपाटे खाल्ले, तेवढे अभ्यास बुडवला म्हणून कधी खाल्ले नाहीत. जोडीदारीण ताडपत्रीखाली पाठमोरी बसून नळ्यांवर नंबर घालायची आणि तिच्या मागे मी एकाच मगात एकामागून एक बेडूक धुवायचे. वरून धो धो पाऊस, आणि ही बया खाली मगभर पाणी वाचवतेय!

सहाव्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना मॅडम सहज म्हणाल्या, ही बुरशी पाण्यातून पसरते. आजारी बेडकाचं पाणी धडधाकट बेडकाला लागलं की तोही गेला.

मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. नळ्या बंद होत्या, बेडूक सोडून दिले होते. फक्त एका बेडकाची बुरशी सगळ्यांच्या बोळ्यांवर दिसून तिच्या प्रबंधात खोटं उतरलं असतं आणि तिला ते जन्मभर खरं वाटलं असतं. मला फार भीती वाटली. तरी म्हणाले, "मॅडम, मी पाणी बदलत नव्हते."

जोडीदारणीने कप खाली ठेवला. "एकदाही नाही?"

"सकाळी भरायचे, तेवढंच."

"पण का?"

"फेकवलं नाही."

ती उठून गेली. बेडकांना काही होईल का, असं मी मॅडमना विचारलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सहा दिवसांच्या नळ्या बाद झाल्या, सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. धुण्याचं काम माझ्याकडे ठेवायचं की नाही, हे मॅडमनी तिच्यावर सोपवलं.

रेंज फक्त एस.टी.च्या थांब्याजवळ यायची. तिथे जाऊन मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मनातून वाटत होतं, ही तरी म्हणेल, पाणी वाचवलंस ते बरं केलंस.

आई म्हणाली, "तू कारखान्याच्या तळावर झालीस, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. आईवडील तेव्हा एका सहकारी साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचे.

"शेजारच्या कोपीत बी लेकरू व्हतं. त्याला खरूज झालती. पानी लई लांबून आनावं लागायचं. त्याची आई म्हनली, दोघांला एकाच पान्यात न्हाऊ घालू. म्या न्हाई म्हनले. तुझा बाप दिसभर ऊस तोडून यायचा आन् तुझ्यासाठी येगळी घागर आनायचा. तुझी आंघूळ झाली की ते पानी वतून द्यायचे."

"ओतून? तुम्ही?"

"मंग? लेकरापरीस पानी मोठं हाय व्हय?"

रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला.

सकाळी निघताना जोडीदारणीने कॅन माझ्याच हातात दिला. चेहरा अजून घट्टच होता. पहिला बेडूक सापडला, मी तो धुऊन तिच्याकडे दिला. ती ताडपत्रीकडे वळली नाही, मगाकडे बघत उभी राहिली. मी मगातलं सगळं पाणी ओतून दिलं, तेव्हा डोळे वाहत होते. तिला वाटलं, मी कालच्यासाठी रडतेय. फेकून दिलेल्या किती घागरींवर मी वाढले होते, ते मला त्या वेळी कळत होतं.

"भर आता," ती म्हणाली. मी तो मग पुन्हा काठोकाठ भरला.