दादांचे जादा कोंबडे

दादांच्या सलूनमध्ये आरशाखाली चामड्याचा एक पट्टा टांगलेला असे. हल्ली वापरून फेकायची पाती आली, पण दादांचा जुना वस्तरा अजूनही त्या पट्ट्यावर पुढे-मागे होऊनच गिऱ्हाइकाच्या गालाला लागायचा. धारेच्या बाबतीत हा माणूस भलता हट्टी. गल्लीतल्या बायका आपल्या सुऱ्या आणि कात्र्या त्यांच्याकडे आणून टाकत. दादा त्याचा मोबदला घेत नसत, फक्त तोंडसुख घेत. "ही सुरी आहे की चमचा?" असं ऐकवल्याशिवाय त्यांनी एकही सुरी परत केली नाही.

सलूनच्या मागे घर आणि घरामागे परसात खुराडी. त्यांचा खरा जीव तिथे. राखाडी अंगाच्या, उन्हात निळसर दिसणाऱ्या कोंबड्यांची एक जात त्यांनी वर्षानुवर्षं खपून जमवली होती. सासऱ्यांनी दिलेल्या एका जोडीपासून सुरुवात झाली. अंडी मोठी, बोटं सरळ, स्वभाव इतका गरीब की कोंबडी आपणहून मांडीवर येऊन बसायची. तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, मागायला लोक लांबून येत, आणि दादा मुलीचं स्थळ पाहावं तशी आधी त्यांची चौकशी करत.

कोंबडे मात्र कोणी मागत नाही. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असतात, त्याला कोणाचा इलाज नाही. लहानपणी सगळी सारखीच गोजिरी. मग तुरे लाल व्हायला लागतात, आवाज फुटतो आणि एक दिवस परसात नवरदेवच नवरदेव होतात. ते एकमेकांची पिसं उपटतात, तलंगांना जगणं नकोसं करतात, पहाटे शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊ घालतात. अशा वेळी पक्षी पाळणाऱ्याला बसून ठरवावं लागतं: कुठला ठेवायचा, कुठला काढायचा, आणि काढायचा म्हणजे त्याचं नेमकं काय करायचं.

दादा ठरवत नसत. दादा पोतं काढत.

घरातला जुना कोंबडा राहू द्यायचा आणि बाकी सगळे पोत्यात घालून वस्तीबाहेर आक्काकडे नेऊन सोडायचे, असा त्यांचा शिरस्ता. आक्का ही मोठी बहीण. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. तिच्या घरामागे मोकळी जागा होती, झाडं होती, भरपूर किडे होते. दादा दारात पोतं ठेवायचे, "जपून गं, मुकी लेकरं आहेत," म्हणायचे आणि चहाही न घेता सटकायचे. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं असं कधी झालं नाही. विचारलं नाही म्हणून कळलं नाही, आणि कळू नये म्हणून विचारलं नाही.

रविवारी मात्र नवराबायको आक्काकडे जेवायला ठरलेले. आक्का कोंबडी शिजवायची. दादा तंगडी हातात धरून म्हणायचे, "आक्के, ही चव बाजारात मिळत नाही हं!" आक्का मान खाली घालून वाढत राहायची. बायको ताटात बघून खोकायची. तिला सगळं ठाऊक होतं, पण नवऱ्याचा भ्रम फोडायची तिला घाई नव्हती.

सलूनमध्ये याची चेष्टा व्हायची. "अख्ख्या वस्तीच्या माना याच्या वस्तऱ्याखाली, आणि हा कोंबडीच्या मानेला घाबरतो!" असं एखादा खुर्चीतून म्हणायचा. दादा म्हणायचे, "तुमची मान तर धुतलेलीही नसते, तरी धरतोच ना मी?" हशा व्हायचा आणि विषय बदलायचा. पण मारायचं नाव काढलं की दादा खरोखरच तिथून उठून जायचे, हे खोटं नव्हे. आपण हळव्या मनाचे आहोत याचा त्यांना थोडा अभिमानही होता, हेही खोटं नव्हे.

एका शनिवारी सकाळी जुना कोंबडा खुराड्यात मरून पडलेला सापडला. रोगबीग काही नाही, नुसतं म्हातारपण. दादा जाळीला धरून उभे राहिले. कोंबड्या होत्या, यंदाची पिल्लं अजून कोवळी होती, पण वयात आलेल्या कोंबड्याशिवाय अंड्यांतून काय निघणार? बाहेरचा कुठला तरी आणून घातला की राखाडी रंग गेला, स्वभाव गेला, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. ऐन शनिवारच्या गर्दीत त्यांनी सलूनचं शटर ओढलं. अर्धी दाढी झालेल्या एका गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी मात्र आधी करून दिली, तेवढी माणुसकी होती.

"आक्काकडे चाललो," त्यांनी बायकोला सांगितलं. "मागच्या खेपेला एक होता बघ, निळ्या मानेचा, सरळ बोटांचा. तोच आणतो परत."

बायको म्हणाली, "आज शनिवार आहे."

"मग?"

"काही नाही. जा."

आक्काचं पुढचं दार उघडंच होतं. हाका मारून ओ मिळेना म्हणून दादा घरातून सरळ मागे गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागच्या पायरीवर आक्का बसली होती. मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक राखाडी कोंबडा, त्याच्या डोळ्यांवर तिचा तळहात. दुसऱ्या हाताने ती त्याला थोपटत होती आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होती. शेजारी पातेलं. पातेल्यात सुरी.

झाडांखाली एकही कोंबडा नव्हता.

"आक्के, बाकीचे कुठे आहेत?"

आक्का दचकली, पण उठली नाही. "कुठे असणार? दर रविवारी तुझ्या ताटात काय पडतं असं वाटत होतं तुला?"

"बाजारातून आणतेस ना तू?"

"ही चव बाजारात मिळते होय रे? तूच तर म्हणतोस."

दादा तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "तो निळ्या मानेचा?"

"मला काय माहीत कुठला निळा नि कुठला पिवळा? पोतं टाकतोस आणि पळतोस. ठेवायचा होता तर सांगायचं होतंस." ती टॉवेलाकडे बघून म्हणाली, "त्या खेपेतला हा शेवटचा. हवा असेल तर ने."

दादांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टॉवेल बाजूला करून पाहिलं. रंग चांगला, तुरा चांगला. मग त्यांनी पाय हातात घेतला. मधलं बोट वाकडं होतं, दुसऱ्या पायाचंही. असा कोंबडा ठेवला तर ते बोट पुढच्या प्रत्येक रवणीत, म्हणजे पिल्लांच्या प्रत्येक खेपेत उतरणार, आणि वाकड्या बोटांची पिल्लं नीट उभीसुद्धा राहत नाहीत. घरी याच वर्षीची कोवळी पिल्लं होती, तुरे नुकतेच लाल व्हायला लागलेले. त्यांतूनच एक निवडावा लागणार होता. आणि बाकीच्यांचं पोतं भरून उद्याच इथे आणायचं त्यांच्या मनात होतं.

"हा चालायचा नाही," दादा म्हणाले. नको असलेले कोंबडे त्यांनी कितीतरी दिले होते, पण नको हे तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं.

"मग आत जाऊन बस," आक्का म्हणाली. "तुला बघवणार नाही."

तिने सुरीकडे हात नेला, तेव्हा दादांनी ती सुरी आधी उचलून नीट पाहिली. सवयीने त्यांचा अंगठा पात्यावर फिरला. चमचा बरा. पात्याला दाते पडले होते, टोक वाकलं होतं.

"हिने?" त्यांचा आवाज चिरकला. "हिने करतेस तू?"

"दुसरी कुठली आहे माझ्याकडे?"

"अगं, मग मला का नाही दिलीस धार लावायला? अख्ख्या गल्लीच्या लावतो मी!"

"तू विचारलं असतंस, कशाला हवी म्हणून." आक्का कोंबड्याच्या डोळ्यांवरचा हात न काढता बोलत होती. "पहिल्या खेपेला आणलेस तेव्हा ठेवून बघितले मी. आपसात भांडून रक्तबंबाळ झाले रे सगळे. आणि तू तर मुकी लेकरं म्हणून गेलेला. काय सांगणार तुला? मला काय आवडतं होय? शुक्रवारपासून झोप लागत नाही. पटकन होत नाही ना... फार वेळ लागतो."

दादांना स्वतःची लाज वाटली, तीही साधीसुधी नाही. आपल्या हळव्या मनाची किंमत इतकी वर्षं कोण मोजत होतं, ते समोर पायरीवर बसलं होतं. एक म्हातारी बहीण, आणि प्रत्येक वेळी तिच्या मांडीवर एक कोंबडा.

ते उठले. न्हाणीजवळ कपडे धुवायचा दगड होता, त्यावर पाणी ओतून त्यांनी सुरी घासायला घेतली. दाते जाईपर्यंत घासली, मग कमरेचा पट्टा सोडून त्यावर फिरवली. अंगठ्याने पाहिली, पुन्हा फिरवली. आक्का कोंबड्याला थोपटत बघत होती.

"दे इकडे," दादा म्हणाले.

"अरे, तुला जमायचं नाही."

"दे."

त्यांनी कोंबडा घेतला, टॉवेल घट्ट केला आणि डोळ्यांवर तिच्यासारखाच तळहात ठेवला. हात सलूनमध्ये असतो तसाच स्थिर राहिला. सुरी एकदाच फिरवली. कोंबड्याने टॉवेलात एकदा झटका दिला आणि मग तो निवांत झाला.

आक्का पातेलं पुढे करायलाही विसरली होती. ती त्या सुरीकडे आणि भावाच्या हाताकडे पाहत राहिली.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच?"

आणि तोंडाला हात लावून रडायला लागली.