कोयींचं उटणं

आंबे लोक खायचे, कोयी आम्ही. यात लाजायचं काय? ज्यांना लाज वाटते त्यांनी भादव्यात आमच्या पाड्यावर चार दिवस काढून दाखवायचे होते. जव्हारच्या उतरणीला आमचा पाडा, संस्थानाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ज्येष्ठात गावातल्या मोठ्या घरांतून आमरसाच्या पंगती उठल्या की आई परसात टाकलेल्या कोयी टोपलीभर वेचून आणायची. फोडायच्या, आतला गर वाहत्या ओढ्यात तीन-चार दिवस ठेवून कडूपणा काढायचा, मग वाळवून दळायचा. नागलीचं पीक हाताशी येईपर्यंत त्याच पिठावर आमचे दिवस निघायचे.

बाप आधीच गेलेला. आई गावात एका अंमलदाराकडे भांडी घासायची. तिथल्या बाईसाहेबांनी सहज विचारलं, या उष्ट्या कोयींचं तू करतेस काय? खातो, म्हणाली आई. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण नाही! हे पीठ कालवलं की हात कसे मऊ होतात, तेही सांगून बसली.

झालं. पुढच्या ज्येष्ठात परसात एक कोय पडली नाही. शेजारच्या घरांनीही राखून ठेवल्या. फोडायला, दळायला आईच. कडूपणा काढायची गरजच नव्हती, तोंडाला तर लावायचं. त्यात मुलतानी माती, वाळा, कापूरकाचरी घालून उटण्याच्या पुड्या बांधल्या. आई रिकामी टोपली घेऊन घरी यायची आणि आम्हा दोघी बहिणींकडे बघायची नाही. मला तेव्हापासूनच भीती वाटायला लागली.

श्रावणात कणगीचा तळ खरवडला. भादव्यात रानातले कंदही मिळेनात. धाकटी चार वर्षांची. तिचे हातपाय वाळत चालले, पोट तेवढं पुढे आलं. ती रडायचीसुद्धा थांबली, आणि आईने त्याचीच धास्ती घेतली. शेजारीण एकदा डोकावली, धाकटीला बघितलं आणि आल्या पावली परतली.

शेवटी आईने बाईसाहेबांपुढे पदर पसरला. पोरीसाठी थोडं कोयीचं पीठ द्या, म्हणाली. बाईसाहेबांना कौतुकच वाटलं.

"ने की," त्या म्हणाल्या. "पोरींना नटावंसं वाटतंच."

आणि उटण्याची चांगली मोठी पुडी दिली.

आईने ते फडक्यात बांधून दोन दिवस ओढ्यात ठेवलं, कडूपणा गेला, माती तशीच राहिली, आणि त्याच्या भाकरी थापल्या. लग्नघरासारखा वास सुटला. धाकटीने आपली भाकर संपवली. मला त्या वासाची शिसारी आली होती. मी माझी भाकर तिच्यापुढे सरकवली. तीही तिने खाल्ली. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी धाकटी गेली. पोट दगडासारखं झालं होतं तिचं.

थोरलीने आपल्या तोंडचा घास बहिणीला दिला, असं आई जन्मभर येईल त्याला सांगत राहिली. मी तिला एकदाही अडवलं नाही.