खोकणाऱ्याची तब्येत

शोपँच्या पियानोवरून भांडण उकरून काढू शकेल असा अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. बरं, भांडणाला दुसरी बाजू तरी असावी! समोर बसलेल्या माणसाला शोपँ नावाचा पोलिश संगीतकार होऊन गेला हे ठाऊक नसतं, पियानो त्याने सिनेमात पाहिलेला असतो आणि तो बिचारा आलेला असतो मुलीच्या लग्नासाठी लाऊडस्पीकरचे कर्णे ठरवायला. मामा त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, एकच गत दोन वेगवेगळ्या वादकांनी वाजवलेली ऐकवतात आणि विचारतात, "आता इमानानं सांगा, डावा हात कुणाचा जड हाय?" यावर "दोन्ही चांगलेत की" असं म्हणणाऱ्याला त्यांनी भर लग्नसराईत रिकाम्या हाताने परत पाठवलेलं आहे. मग मामी मागच्या दाराने जाऊन त्याला गाठतात आणि कर्णे ठरवून टाकतात, म्हणून धंदा टिकला.

मामांचा ढोकीला मंडप आणि साऊंडचा धंदा. फार वर्षांपूर्वी सोलापूरहून जुना ॲम्प्लिफायर आणला, त्याच्या खोक्यात एक कॅसेट निघाली. तिच्यावर शोपँचं नॉक्टर्न होतं, म्हणजे रात्रीचं गीत, जेमतेम चार-साडेचार मिनिटांचं. कर्णे तपासायला बरं म्हणून मामा ते लावू लागले. पुढे दुसऱ्याच कुणी वाजवलेलं तेच नॉक्टर्न हाती लागलं आणि गाणं तेच असून माणूस वेगळा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. तुम्ही-आम्ही एवढ्यावर सोडून दिलं असतं. मामांनी मुकदमा उभा केला. कॅसेटी झाल्या, सीड्या झाल्या, आता मोबाईल आहे; मिळेल तिथून त्या एकाच नॉक्टर्नचे नवे नवे वादक ते हजर करतात. रात्रीचं गीत ऐकतात मात्र भर दुपारी, कारण रात्री लाईटचा भरवसा नसतो.

वादकांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा मामांनी त्यांचं बारसं केलं. एक जण फार घाईत वाजवतो. तो 'कारखान्याचा', कारण ऊस खाली करून परत निघालेला ट्रॅक्टर असाच सुटतो. दुसरा ऐन रंगात आलेला असताना एकाएकी थांबतो, तो 'येरमाळ्याचा'. एसटी येरमाळ्याला का थांबते हे ड्रायव्हरलाही सांगता येणार नाही, पण थांबल्यावर बरं वाटतं, असं मामांचं म्हणणं. तिसरा 'खोकल्याचा'. हा वादक स्वतः ठणठणीत असावा. रेकॉर्डिंग भरल्या सभागृहात झालेलं आहे, आणि सूर वर चढून जरा टेकतो न टेकतो तोच श्रोत्यांतला कोणीतरी खोकतो. एकदाच, कोरडा, दाबलेला खोकला. पियानोवाल्याइतकाच मामांचा ह्या खोकणाऱ्यावर जीव. खोकला आला की ते हळहळतात, "ह्यानं आज बी औषिद घेतलं न्हाय बगा. आडुळशाचा काढा दिला असता तर दोन दिसांत मोकळा झाला असता." मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "मामा, हे रेकॉर्डिंग माझ्या जन्माच्या आधीचं आहे. तो माणूस आता कुठला असायला?" मामा दुखावले. "वंगाळ बोलू नका, जावईबापू. कालच दुपारी खोकलाय की."

मामींचं मत वेगळं होतं. त्या शेजारी बसून ज्वारी पाखडत आणि सुपाच्या तालावर सुनावत, "समदं येकच हाय. मेलं टिंगटिंग. हाडाची काडं झाली माजी ऐकून."

ह्या टिंगटिंगने तामलवाडीला एक लग्न भलत्याच वळणावर नेलं. नवरदेव अंतरपाटामागे उभा, नवरी अजून तयार होत होती, मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी चहाला गेलेले आणि मांडवभर माणसं मुठीत अक्षता धरून ताटकळलेली. मामांनी वेळ जावा म्हणून येरमाळ्याचा लावला. तो रंगात आला, आला, आणि आपल्या सवयीने थांबला. मांडवात चिडीचूप. अष्टक संपल्यावर पडते तशीच ही शांतता आहे असं कुणाला तरी वाटलं आणि त्याने अक्षता टाकल्या. मग काय, सगळ्यांनीच टाकल्या. बाहेर बँड वाजला, फटाके उडाले, नवरदेवाचं एकट्याचंच लग्न लागलं आणि निम्मी माणसं पंगतीला पळाली. नवरीचा बाप मामांच्या कॉलरला हात घालायला आला, तर मामा शांतपणे म्हणाले, "चूक माजी न्हाय, ह्या वाजवणाऱ्याची हाय. थांबा, दावतो." आणि पुरावा म्हणून त्यांनी तीच गत पहिल्यापासून पुन्हा लावली. उरलेल्या माणसांनी उरलेल्या अक्षता टाकल्या. नवरी आली तेव्हा मांडवात तांदळाचा दाणा नव्हता, आचाऱ्याने पोती आधणात रिकामी केली होती. शेवटी त्या मुलीच्या डोक्यावर ज्वारी पडली. संसार चांगला चाललाय म्हणतात. ह्या घटनेतून मामांनी काय धडा घ्यावा? तर येरमाळ्याच्याचं थांबणं अस्सल आहे!

तेव्हापासून पहिल्या नंबरासाठी दोघेच उरले, येरमाळ्याचा आणि खोकल्याचा. दोघांत थोर कोण, ह्याचा फैसला आपल्या हयातीत, आपल्याच कानांनी करायचा, हा मामांचा ध्यास. "आपुन न्हाय केला तर ह्या मुलखात दुसरं कोण करनार?" असं ते विचारत. आज हा चढ, उद्या तो; निकाल काही लागेना.

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "जावईबापू, पेढे घिऊन या. बरा झाला त्यो!"

"कोण?"

"खोकलेवाला! दोनदा लावलं. येकदा बी खोकला न्हाय गडी."

मी पोट धरून हसलो आणि बायकोला सांगितलं. ती हसली नाही. आम्ही पेढे घेऊन ढोकीला गेलो. मामांनी ओसरीवर खोकल्याचा लावला तो एवढ्या मोठ्याने, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सूर चढला, टेकला, आणि खोकला आला. अगदी रोजच्या जागी. मामा हसतमुखाने माझ्याकडे बघत होते. "बगा. छाती कशी साफ झालीय." मामींचं सूप थांबलं होतं. मी हातातला पेढा तेवढा खाल्ला.

मग कारखान्याच्याची घाई कमी झाली, येरमाळ्याचा थांबला की लवकर परत येईना. "समदेच हळू वाजवाय लागलेत. वय झालं त्यांचं," मामा म्हणायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्म कर्ण्यांखाली गेला, नाजूक आवाज आधी जाणार. कानाचं मशीन दिलं. ते मामांनी एक दुपार वापरून डबीत ठेवून दिलं. "मशिनीतनं ऐकलेलं पुराव्यात धरता येत न्हाय." मी म्हटलं, "मामा, कॅसेट तरी मशिनीतूनच वाजत होती ना?" मामांनी माझ्याकडे पाठ करून चहा संपवला. निघताना मात्र चपला घालत असलेल्या मला जवळ येऊन म्हणाले, "फैसला ऱ्हायला, जावईबापू. गवाह आमचंच कान हुतं. तेच फितूर झालं." मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ह्या माणसाची मी टिंगल केली होती आणि तरीही तो जिंकावा असं मला वाटत होतं.

गेल्या महिन्यात न कळवता गेलो. ओसरीवर नॉक्टर्न चाललं होतं. मामा डोळे मिटून खुर्चीत बसलेले, हाताचा पंजा स्पीकरच्या लाकडी खोक्यावर टेकवलेला. मामी त्यांच्या कानाशी वाकून बसल्या होत्या. सूप भिंतीला लावून ठेवलेलं होतं.

"खोकल्याचा हाय," मामी मोठ्याने सांगत होत्या. "डावा हात जड पडतोय आज. आता वर चाललाय. सावकाश. आता टेकंल बगा."

सूर टेकला. स्पीकरमधून तो कोरडा, दाबलेला खोकला आला. आणि नेमक्या त्याच क्षणी, तोंडाला पदर लावून, मामी मामांच्या कानात जोरात खोकल्या.

मामा दचकले. डोळे उघडून त्यांनी मामींकडे पाहिलं.

"अजून खोकतोय व्हय गं त्यो?"

"खोकतोय की," मामी म्हणाल्या. "कुटं जातोय!"

मामांनी सुस्कारा सोडला. हात त्यांनी खोक्यावरून काढला नाही.

"मग फैसल्याची घाई न्हाय," ते म्हणाले. "पुन्ना लाव."